हरणाऱ्या कंपन्यांची मराठी

मोबाइल कंपन्यांच्या उदयास्ताची गोष्ट आपल्याकडे एकाच साच्यात सांगितली जाते. नोकिया गाफील राहिली म्हणून गेली, मायक्रोमॅक्स चिनी मालापुढे टिकली नाही म्हणून गेली, शाओमी स्वस्त होती म्हणून आली, सॅमसंग चिवट होती म्हणून राहिली. दर तीन महिन्यांनी अर्थविषयक पानांवर छापून येणारा बाजारहिश्शाचा तक्ता हा या गोष्टीचा कणा. तिच्यात माणूस असलाच तर कंपनीचा संस्थापक असतो. जुन्या बखरीत रयत जशी फक्त ‘रयत सुखी होती’ एवढ्यापुरती येते, तसा ग्राहक इथे येतो. आणि हा ग्राहक कोणत्या भाषेत फोन हाताळतो, हे तर कुणी विचारतच नाही.

वाङ्मयीन अंकाच्या वाचकाला बाजारहिश्शाशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. पण आज मराठीत जे काही लिहिलं जातं, त्यातलं बहुतेक या यंत्रावरच लिहिलं जातं. म्हणून मी तो तक्ता वेगळ्या प्रश्नासाठी वाचायला घेतला: फोनमध्ये मराठीला जागा कधी मिळाली, कुणी दिली, आणि का दिली? वाचता वाचता एक विचित्र संगती दिसू लागली. मराठीची आठवण बहुतेक वेळा अशा कंपनीला झाली, जिच्या हातात दुसरं मोठं पान नव्हतं. ज्यांच्याकडे कॅमेरा होता, पैसा होता, चीनमधले कारखाने होते, त्यांना मराठीची गरज पडली नाही. कायद्याने सांगितलं तेवढी त्यांनी दिली.

हे पडताळायला मी जरीपटक्यात गेलो. उत्तर नागपुरात राहतो म्हणून तो जवळ आहे हे खरंच, पण तेवढंच कारण नाही. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण. त्या नावाच्या वस्तीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं येऊन राहिली आणि त्यांनी इथला बाजार उभा केला. त्याला लागून इंदोरा आहे, आंबेडकरी चळवळीचं जुनं ठाणं. तिथल्या कितीतरी घरांत मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं पैसे मोजून घेतली जातात, चौदा एप्रिलला आणि दीक्षाभूमीवर पिशव्या भरभरून विकत घेतली जातात. म्हणजे दुकानाच्या काउंटरच्या एका बाजूला घरी सिंधी बोलणारा व्यापारी, दुसऱ्या बाजूला मराठी वाचणारं गिऱ्हाईक, आणि मधे नागपुरी हिंदी. फोनच्या भाषेचा प्रश्न तपासायला यापेक्षा नेमकी जागा पुण्यातही सापडली नसती.

आकडे काढण्याइतकी माझी पाहणी मोठी नाही, म्हणून टक्के देत नाही. दुकानात उभं राहून ऐकणं आणि फोन घेऊन निघालेल्यांना ‘भाषा कोणती ठेवणार?’ एवढं विचारणं, इतकीच तिची पद्धत. बहुतेकांनी इंग्रजी सांगितली, काहींनी हिंदी. मराठी ठेवणारे भेटले ते सहसा मुलाने किंवा सुनेने मराठी करून दिलेले वडीलधारे. एका दुकानदाराला मी सरळच विचारलं, ‘सेठ, मराठीसाठी कोणता चांगला?’ तो हसला. ‘भाषा तो सबमें है भाऊ. आदमी कॅमेरा पूछता, बॅटरी पूछता, किस्त कितनी बैठेगी पूछता. भाषा कोई नहीं पूछता.’

‘भाषा तो सबमें है.’ हे वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणी बोलू शकलं नसतं.

माझ्या विधानात नोकिया नीट बसत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. २००३ साली आलेला, डोक्यावर टॉर्च असलेला नोकिया ११०० आपल्यापैकी अनेकांच्या घरात होता. जगभर असे पंचवीस कोटींहून अधिक फोन विकले गेले. २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारखाना सुरू झाला. त्या काळात नोकिया हरत नव्हती, उलट भारतात तिच्यासमोर उभं राहील असं कुणी नव्हतं. तरी तिने भारतीय भाषांतले मेनू दिले, कळफलकावर रोमन अक्षरांशेजारी देवनागरी छापली. मग माझी संगती चुकते का?

थोडी चुकते. पण त्या मराठीचा उपयोग किती झाला तेही पाहायला हवं. फोनवर देवनागरी दिसत होती, तरी लिहीत कुणी नव्हतं, आणि याचं कारण कंपनीत नव्हतं. एसएमएसच्या हिशेबात होतं. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावत. देवनागरी वापरली की ती मर्यादा ७० वर येई. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जात. ‘महाराष्ट्र’ हा आपल्याला चार अक्षरी वाटणारा शब्द मोजणीत दहा जागा खातो: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. रोमनमध्ये त्याच शब्दाला अकरा जागा लागतात, पण त्या १६० पैकी. म्हणजे तेच वाक्य मराठीत लिहिलं तर दोन संदेशांचे पैसे. ‘कसा आहेस’ रोमन लिपीत लिहिण्याची सवय आपल्या आळसातून किंवा न्यूनगंडातून आली, असं भाषाप्रेमी मंडळी कळवळून सांगतात. त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. गरिबाने स्वस्त लिपी निवडली, एवढंच झालं होतं. संदेशाचे वेगळे पैसे जेव्हा बंद झाले तेव्हा देवनागरी आपोआप वाढली. तिच्यासाठी कुणाला परिषद भरवावी लागली नाही.

नोकियाने मराठीला खऱ्या अर्थाने हात घातला तो २००८ च्या अखेरीस, आणि तोही महाराष्ट्रातच. ‘नोकिया लाइफ टूल्स’ नावाच्या सेवेची चाचणी इथे झाली: शेतमालाचे भाव, हवामान, इंग्रजीचे धडे, ज्योतिष, सगळं स्वस्तातल्या फोनवर, मराठीतून. पडद्यावर चित्रं दिसत, पडद्यामागे एसएमएसच धावत. राज्याचं कृषी पणन मंडळ आणि रॉयटर्सची शेतकऱ्यांसाठीची माहितीसेवा यांची त्यात साथ होती. २००९ च्या मध्यावर ती रीतसर बाजारात आली. आता त्या वेळेकडे पाहा. आयफोन २००८ च्या ऑगस्टमध्ये भारतात आला होता, आणि त्याच वर्षी मायक्रोमॅक्सने महिनाभर बॅटरी टिकण्याचं आश्वासन देत पहिला फोन काढला होता. वरून एक आणि खालून एक असे दोन धक्के एकाच वर्षी बसायला लागले. गावातल्या गिऱ्हाइकाला धरून ठेवण्याची निकड तेव्हा निर्माण झाली. मराठी शेतकरी नोकियाला आठवला तो ती बिनधोक असताना नव्हे.

त्या सेवेचं फळ काय? रॉयटर्सची सेवा नोकियाच्या आधी, २००७ पासून, महाराष्ट्रात एसएमएसवर चालत होती. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या शंभर गावांत तिची रीतसर परीक्षा घेतली. काही गावांत सेवा दिली, काहींत दिली नाही, आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव तपासला. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सरासरी भावात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. मला हा निबंध फार महत्त्वाचा वाटतो, आणि मराठीत त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. मातृभाषेत माहिती मिळाली की शेतकरी बलवान होतो, हे वाक्य आपण पुराव्याशिवाय म्हणत आलो. भाव कळला म्हणून अडत्याची उधारी फिटत नाही आणि दुसऱ्या बाजार समितीपर्यंतचं भाडं कमी होत नाही. कंपनीने भाषा दिली होती. बाकीची व्यवस्था देणं तिच्या हातात नव्हतं. २०१३ च्या अखेरीस नोकियाने ही सेवा गुंडाळायला घेतली. एप्रिल २०१४ मध्ये तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. श्रीपेरुंबुदूरचा कारखाना कराच्या वादात अडकल्यामुळे त्या सौद्याबाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या कंपनीबद्दल दोन वाक्यं तरी लिहायला हवीत. व्हिडिओकॉन ही तेव्हाच्या औरंगाबादची. चितेगावच्या तिच्या कारखान्याने मराठवाड्यातल्या एका पिढीला कामगार म्हणून घडवलं. २००९ मध्ये ती मोबाइल फोनमध्ये उतरली, दूरसंचार परवानेही तिने घेतले. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या टूजी निकालात ते रद्द झाले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. या फोनचं वेगळेपण काय होतं, असं मी जरीपटक्यातल्या जुन्या विक्रेत्यांना विचारलं, तर त्यांना टीव्हीच आठवला. मराठी मुलखातली कंपनी असणं म्हणजे मराठीची कंपनी असणं नव्हे, हे यातून दिसतं.

मराठीचा खरा मोसम २०१३ ते २०१६ असा चार वर्षांचा. स्मार्टफोन स्वस्त झाले होते, पण २०१०-११ च्या सुमाराच्या अनेक अँड्रॉइड फोनवर मराठी बातमी उघडली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. ही पोकळी आधी भरली ती एका शिक्षणसंस्थेने. मुंबईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक तयार करून २०१३ मध्ये फुकट उपलब्ध केला. त्यात व्यंजनं बाराखडीच्या क्रमाने मांडलेली असतात. क वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं, आणि बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर तयार. लिपीचं व्याकरण हाताच्या हालचालीत उतरवणारी इतकी सुंदर कल्पना त्या काळात कोणत्याही कंपनीला सुचली नाही. रोमनमध्ये टाइप करून देवनागरी मिळवण्याच्या पद्धतीने नंतर बाजी मारली, हे मला आजही खटकतं. त्या पद्धतीत मराठी लिहिण्याआधी मनात तिचं इंग्रजी स्पेलिंग करावं लागतं.

त्याच सुमाराला मायक्रोमॅक्स भाषेकडे वळली. २०१४ च्या मे महिन्यात आलेला तिचा ‘युनाइट २’ सात हजारांच्या आत होता आणि वीस भारतीय भाषा हा त्याचा जाहिरातीतला मुख्य मुद्दा होता. पुढच्या ‘युनाइट ३’ मध्ये मुंबईच्या एका नव्या कंपनीची प्रणाली होती. राकेश देशमुख आणि आयआयटीतल्या त्यांच्या मित्रांनी आधी ‘फर्स्टटच’ आणि मग ‘इंडस ओएस’ या नावाने ती बनवली होती. ती मुळात अँड्रॉइडवरच बेतलेली होती, त्यामुळे तिला स्वतंत्र प्रणाली म्हणणं जरा अतिशयोक्तीचं. पण तिच्यातली एक सोय मला अजून आठवते: आलेल्या संदेशावर बोट एका बाजूला सरकवलं की तो आपल्या भाषेत दिसे, दुसऱ्या बाजूला सरकवलं की पुन्हा इंग्रजीत. २०१६ मध्ये बाजार मोजणाऱ्या एका संस्थेच्या हिशेबात भारतात अँड्रॉइडखालोखाल दुसरा क्रमांक या प्रणालीचा होता, आयफोनच्याही वर. इतक्या मोठ्या गोष्टीची आपल्या साहित्यव्यवहारात नोंदसुद्धा झाली नाही. आपण तेव्हा इ-पुस्तकं छापील पुस्तकांना मारणार का, यावर परिसंवाद करत होतो.

आणि यश? कॅनालिस या संस्थेने २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत भारतीय स्मार्टफोनच्या बाजारात मायक्रोमॅक्सला २२ टक्के आणि सॅमसंगला २० टक्के हिस्सा दिला. सॅमसंगला हा आकडा मान्य नव्हता. या तक्त्यांत असं नेहमी होतं: कारखान्यातून निघालेले फोन मोजायचे की दुकानातून विकले गेलेले, यावर राजा बदलतो. तरी एक देशी कंपनी, ह्यू जॅकमनला जाहिरातीत घेऊन आणि भारतीय भाषा खिशात घेऊन, सर्वांत वर किंवा वरच्याच्या अगदी जवळ होती, एवढं नक्की.

मग ती भाषेमुळे वर गेली का? मला तसं वाटत नाही. ती किमतीमुळे आणि लहान गावांपर्यंत पोचलेल्या विक्रेत्यांमुळे वर गेली. भाषा ही तिच्याकडची एकच अशी गोष्ट होती, जी शेंझेनहून विकत आणता येत नव्हती. फोन चीनमध्ये बनत, सुटे भाग चिनी, आराखडाही बहुधा तिथलाच. डबा उघडल्यावर ‘हे आपलं’ असं म्हणायला भाषेखेरीज फारसं काही नव्हतं. म्हणून ती जोरात सांगितली गेली. आणि पडण्याची कारणंही भाषेबाहेरचीच. जुलै २०१४ मध्ये शाओमीचा मी ३ फ्लिपकार्टवर १३,९९९ रुपयांना आला आणि त्या किमतीला तसा फोन कुणाकडेच नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं. एका रात्रीत फोरजी नसलेला फोन जुना झाला, आणि देशी कंपन्यांच्या गोदामांत थ्रीजीचा माल पडून राहिला. दोन महिन्यांनी नोटाबंदी. रोखीवर चालणाऱ्या लहान दुकानांत स्वस्त फोन विकणाऱ्यांना तिचा फटका जास्त बसला. जरीपटक्यातला एक विक्रेता त्या हिवाळ्याबद्दल बोलताना कंपनीचं नाव घेत नाही, नुसतं ‘वो वाला माल’ म्हणतो. २०१७ च्या अखेरीस शाओमी सॅमसंगच्याही पुढे होती. मायक्रोमॅक्स पहिल्या पाचांतून बाहेर पडली. २०२० च्या नोव्हेंबरात चीनविरोधी वाऱ्यावर ‘इन’ नावाची मालिका काढून तिने परत यायचा प्रयत्न केला, पण तो वारा फोनपर्यंत पोचला नाही. इंडस ओएस ज्या फोनांवर स्वार होती तेच राहिले नाहीत, तेव्हा ती ॲपच्या दुकानाकडे वळली आणि पुढे फोनपेने ती विकत घेतली.

यानंतरच्या विजेत्यांनी वेगळी भाषा आणली: क्रिकेटची आणि पाट्यांची. व्हिवोने २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या आयपीएलच्या नावासाठी २,१९९ कोटी रुपये कबूल केले होते. ओप्पोचं नाव काही काळ भारतीय संघाच्या छातीवर होतं. दुकानदाराला मिळणारं कमिशन चांगलं, फळा फुकट, काउंटरशी उभा राहून फोन दाखवणारा पोरगाही कंपनीचा. निळ्या आणि हिरव्या फळ्यांनी नागपूरच्या बाजारांचा रंग बदलला. दुकानाचं नाव कोपऱ्यात बारीक आणि कंपनीचं नाव दहा फूट, असं उलटं चित्र तयार झालं. ‘अमुक मोबाइल्स’ हे सिंधी कुटुंबाने तीस वर्षं जपलेलं नाव वाचायला आता रस्ता ओलांडून जवळ जावं लागतं. या काळात मराठीवर कुणी स्पर्धा केली? मला एकही ठळक उदाहरण सापडलं नाही.

मराठी आली ती सरकारी आदेशाने, दोन दारांनी. पहिला आदेश केंद्राचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतीय मानकांनुसार प्रत्येक फोनवर सर्व बावीस अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे, असं बंधन घातलं गेलं. दुकानदाराच्या ‘भाषा तो सबमें है’ या वाक्यामागे हा आदेशही आहे. मात्र त्याची भाषा बारकाईने वाचा. वाचायला सगळ्या, लिहायला ‘आणखी एक’. ती एक मराठीच असेल अशी हमी कुठेच नाही. लिहिता यावं ही अपेक्षा वाचता यावं यापेक्षा कमी महत्त्वाची ठरवली गेली.

दुसरं दार राज्याचं. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हव्यात, अशी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. जरीपटक्यातही पाट्या बदलल्या. पण काय बदललं? रोमन नावाखाली तेच नाव देवनागरीत आलं, आणि तेही अनेकदा हिंदी लेखनाने. व्ही हा ध्वनी मराठीत आपण ‘व्ह’ ने लिहितो: व्हिडिओ, व्हरांडा, व्हॅन. पाट्यांवर ‘विवो’ जास्त आणि ‘व्हिवो’ कमी. कायद्याचं समाधान झालं. पाटी रंगवणाऱ्याला दोष द्यायचं कारण नाही, त्याला कागदावर जे दिलं ते त्याने रंगवलं. माझा आक्षेप मराठी म्हणजे फक्त देवनागरी लिपी, या समजुतीला आहे. ती समजूत फोनच्या आतही आहे.

आत शिरू. अँड्रॉइडमध्ये मराठी मेनू २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आला. त्यात विमानप्रवासात लावायच्या बटणाचं नाव ‘विमान मोड’ आहे. हे वाचून मला दर वेळी विमान मोडण्याची आज्ञा दिल्यासारखं वाटतं. मटकीला येतात ते मोडही आठवतात. ‘व्यत्यय आणू नका’ हे दुसरं बटण. व्याकरणदृष्ट्या त्यात चूक नाही, पण घरात कुणी असं म्हणत नाही. ‘त्रास देऊ नका’ म्हणतात, नाहीतर ‘शांत राहा’. हे शब्द एखाद्या मराठी माणसाने विचार करून लिहिले असतील, यात शंका नाही. मात्र सुटे शब्द समोर ठेवून केलेलं हे भाषांतर आहे. कोणत्या पडद्यावर, कोणत्या क्षणी, कोणाच्या डोळ्यांसमोर ते येणार, हे लिहिणाऱ्याला दिसलेलं नसावं. जरीपटक्यातल्या गिऱ्हाइकांनी भाषा इंग्रजी ठेवण्यामागे न्यूनगंड शोधण्याआधी हे मेनू वाचावेत. दोन वेगवेगळ्या तरुणांनी मला एकच सांगितलं: मराठी लावली की बटण कुठलं ते कळत नाही.

लिपीचाही प्रश्न आहे. संगणकाच्या युनिकोड या जागतिक अक्षरसंचात हिंदी आणि मराठीचा ल एकच. तो कसा दिसणार हे फाँट ठरवतो. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला आणि लिपी प्रमाण केली, २०२२ मध्ये पुन्हा एकदा सांगितली. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही तिची ओळख. वाचकांनी आपल्या फोनवर ‘लक्ष’ किंवा ‘शाळा’ लिहून पाहावं. बहुतेकांना हिंदी वळणच दिसेल. आपली पोरं आता ल पाटीवर गिरवताना एक काढतात आणि फोनवर दुसरा वाचतात. मी या बाबतीत कडवा नाही. वळणं बदलत आली आहेत, मोडीही गेली. पण बदल कुणीतरी ठरवावा लागतो, आणि हा कुणीच ठरवलेला नाही.

‘ॲ’ चं उदाहरण आणखी बोलकं आहे. ॲप, ॲसिड, ॲटम लिहिताना लागणारं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या आवृत्तीत आलं. त्याआधी अ ला चंद्र चिकटवून काम भागवत, आणि निम्म्या फोनवर तो चंद्र सुटून एका गोल ठिपक्यांच्या वर्तुळावर बसे. आता जरीपटक्याकडे परत या. सिंधीत काही ध्वनी श्वास आत ओढून उच्चारले जातात. देवनागरीत त्यांच्यासाठी ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ देतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. ही चारही अक्षरं युनिकोडमध्ये २००६ साली आली, म्हणजे मराठीच्या ॲ च्या दोन वर्षं आधी. सिंधीचं भारतात एकही राज्य नाही. १९६७ मध्ये तिला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, आणि लिपीबद्दल तर फाळणीनंतर अरबी की देवनागरी असा वाद होऊन १९५१ पासून दोन्ही मान्य आहेत. अशा भाषेची अक्षरं आधी पोचली आणि कोट्यवधी लोकांच्या, राज्य असलेल्या भाषेचं अक्षर मागाहून. एका दुकानदाराला मी ही गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांच्या वह्या अरबी लिपीतल्या सिंधीत आहेत, त्याला त्या वाचता येत नाहीत. तो म्हणाला, ‘अक्षर आ गए, लिखनेवाले चले गए.’ त्याचा मुलगा आजीला व्हॉट्सॲपवर सिंधी लिहितो ती रोमन लिपीत.

आज फोनमधली मराठी मुख्यतः कोणाची आहे, तर गूगलची. कळफलक तिचा, मेनूचं बरंचसं भाषांतर तिचं, २०१७ च्या ऑगस्टपासून मराठी बोलून लिहिण्याची सोयही तिची. ही सोय मोठी आहे. लिहिता न येणाऱ्या बायाबापड्यांनी तिच्यावर पत्रं लिहिली आहेत, आणि मी ती कमी लेखणार नाही. पण फोन बनवणारे एकमेकांशी लढत असताना भाषा त्या लढाईतून बाहेर काढली गेली, एका घरी ठेवायला दिली गेली. व्हिवो वर गेली काय आणि शाओमी खाली आली काय, मराठीच्या पदरात फरक पडत नाही. २०२२ च्या अखेरीस सॅमसंग पुन्हा वर आली, २०२४ मध्ये व्हिवो पहिली होती. या दोन्ही वेळी ‘विमान मोड’ जिथल्या तिथे होता. ज्या चार वर्षांत कंपन्या भाषेवर भांडत होत्या, तेव्हा निदान वाईट भाषांतर केलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची भीती होती.

३ ऑक्टोबर २०२४ या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी दिल्लीत गूगलने आपल्या बोलणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यकात येणाऱ्या भारतीय भाषांची नावं जाहीर केली आणि त्यांत मराठी होती. दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रांत पहिली बातमी केवढी होती, हे सांगायला नको.

आता फोनच्या जाहिरातीत कॅमेऱ्याच्या जोडीला हीच बुद्धी आली आहे. यंदाच्या पावसाळ्यात जरीपटक्यातल्या एका काउंटरवर कंपनीचा पोरगा फोन दाखवत होता: समोरचा इंग्रजीत बोलला की फोन हिंदीत ऐकवतो, आपण हिंदीत बोललो की तिकडे इंग्रजीत जातं. इंदोऱ्याहून आलेल्या एका बाईंनी दोनदा ते करून पाहिलं. मग विचारलं, ‘दादा, मराठी येते का याच्यात?’ पोरगा सेटिंगमध्ये खाली खाली गेला, परत वर आला. ‘हिंदी है ना ताई, चल जाएगा.’ बाईंनी फोन हातात फिरवून पाहिला आणि किस्त किती महिन्यांची बसते ते विचारलं.